नादारीचा अर्ज आणि पैशुन्याची भीती

दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाटून वाचण्याची प्रथा आहे. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्यात सत्याणुव्रताचे पाच अतिचार मोजले जातात : मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. श्रोते माना डोलावतात, पंडितजी पुढच्या सूत्राकडे वळतात. पैशाच्या व्यवहाराशी यांतील तिघांचा किती जवळचा संबंध आहे, हे ध्यानात येण्यास बहुधा एखादे संकट घरी यावे लागते. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा दस्त तयार करणे. न्यासापहार म्हणजे ठेव गिळणे. पण टीकाकारांनी त्याचे दिलेले उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ठेवणारा आपली रक्कम विसरून कमी सांगतो आणि ठेव सांभाळणारा, खरा आकडा ठाऊक असताना, “असेल तेवढीच” म्हणून कमी परत करतो, तोही न्यासापहारच. आणि साकारमंत्रभेद म्हणजे दुसऱ्याच्या हावभावांवरून त्याचा गुप्त हेतू ताडून तो असूयेपोटी उघड करणे. पहिले दोन दिवाळे काढणाऱ्याला लागू पडतात, तिसरा त्याची बातमी देणाऱ्याला. एकाच सूत्रात दोघांनाही बसवले आहे.

दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला या सूत्राचा अर्थ असाच घरी उलगडावा लागला. यजमान वारल्यावर त्यांच्या फंडाचे सात लाख रुपये बाईंनी यजमानांच्याच एका मित्राच्या भुसार मालाच्या पेढीवर व्याजाने ठेवले होते. पैसे धनादेशाने दिले होते, व्याजही दर तिमाहीस बँकेत जमा होत असे. दीड वर्षापूर्वी व्याज थांबले. मग एके दिवशी जिल्हा न्यायालयाचे पाकीट आले. व्यापाऱ्याने नादारीचा अर्ज केला होता आणि धनको म्हणून बाईंना त्याची नोटीस होती.

‘नादारी’ म्हटले की जुन्या पिढीला शाळेची फीमाफी आठवते. कायद्यातील नादारी वेगळी. देणी फेडण्यास आपण असमर्थ आहोत असे ऋणकोने न्यायालयात सांगायचे, असलेली सर्व मालमत्ता न्यायालयाच्या हाती सोपवायची, तिची विक्री होऊन धनकोंना प्रमाणशीर वाटा मिळायचा आणि प्रामाणिक ऋणकोला ओझ्यातून मुक्ती मिळायची, असा तिचा मूळ हेतू आहे. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेची चर्चा वृत्तपत्रांत सतत चालते, त्यामुळे जुने कायदे संपले असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. व्यक्ती व भागीदारी पेढ्यांविषयीचा त्या संहितेचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. मुंबई शहरात १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम हाच साध्या व्यापाऱ्याचा मार्ग राहिला. त्यात ऋणकोला अर्ज करण्यासाठी कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये आहे. शंभर वर्षांपूर्वी ती मोठी रक्कम होती. आज त्या रकमेत एका कुटुंबाचा आठवड्याचा भाजीपाला येतो न येतो.

नोटिशीसोबत अर्जाची प्रत होती. बाईंनी ती परीक्षेची उत्तरपत्रिका तपासावी तशी वाचली. धनको तेवीस, एकूण देणे शहाण्णव लाख. यादीत बाईंचे नाव एकोणिसावे. त्यांच्या मागेपुढे दोन हमाल, हळद घालून पैशाची वाट पाहणारे चार शेतकरी, एक तेलगिरणी. आणि अगदी अग्रभागी व्यापाऱ्याचा सख्खा मेहुणा : बत्तीस लाख, रोख, प्रॉमिसरी नोटेवर. मालमत्तेच्या यादीत घरातील भांडी, एक दुचाकी, दुकानातील वजनकाटा आणि बँकेतील काही हजारांची शिल्लक. बाह्यवळण रस्त्यावरच्या गोदामाचा उल्लेख नव्हता. त्या गोदामाच्या वास्तुपूजेला बाई स्वतः जेवून आल्या होत्या.

गावाला यातले काही नवीन नव्हते. गोदाम सुनेच्या नावे केले, पुतण्याच्या नावाने त्याच पेठेत नवे दुकान निघाले, सोने माहेरी गेले. मंदिराच्या ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीतल्या चहाच्या गाड्यावर हे सारे बोलून झाले होते. फक्त ज्याच्यापुढे बोलायचे त्या न्यायालयापुढे कोणी एक अक्षर लिहिले नव्हते. “आपल्याच समाजाचा माणूस”, “मंदिराचा विश्वस्त राहिलेला”, “कशाला पैशुन्याचे पाप घ्या” अशी कारणे दिली जात. म्हणजे पाठीमागे पन्नास जणांत निंदा करणे हे पैशुन्य ठरत नव्हते. अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या सहीने खरे सांगणे मात्र ठरत होते. बाईंनाही हीच भीती होती. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितले, “आई, सात लाख गेले समज आणि शांत राहा.”

मग व्यापारीच एका संध्याकाळी सपत्नीक आले. पाणी घेतले, यजमानांच्या तसबिरीला नमस्कार केला आणि म्हणाले, “वहिनी, तुमचे पैसे मी बुडवणार नाही. दिवाळीपर्यंत तुमचे सात लाख वेगळे भागवतो. फक्त कोर्टात काही बोलू नका.”

“भाऊजी, आणि बाकीच्यांचे?”

“बाकीच्यांचे कोर्ट बघेल.”

बाईंना रात्रभर झोप लागली नाही, कारण मोह खरा होता. सात लाख ही त्यांच्या म्हातारपणाची सगळी पुंजी. दुसऱ्या दिवशी त्या वकिलांकडे गेल्या तेव्हा त्यांना कळले की भाऊजींनी दया म्हणून जे देऊ केले तो स्वतःच एक गैरव्यवहार होता. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने दिलेली रक्कमही कलम ५४ नुसार रिसीव्हर परत मागू शकतो. अर्जानंतरची गोष्ट तर आणखी वेगळी. नादार ठरल्यावर मालमत्ता अर्जाच्या तारखेपासूनच न्यायालयाची मानली जाते. भाऊजी जे पैसे देणार होते ते त्यांचे नव्हते. त्यांत हमालांचाही वाटा होता.

वकिलांनी कागदावर एक हिशेब मांडून दाखवला, तो येथे देण्यासारखा आहे. गोदामाची किंमत बत्तीस लाख धरली आणि ते वाटपात आले, तर शहाण्णव लाखांच्या देण्यावर रुपयामागे तेहेतीस पैसे मिळतील. बाईंचे सुमारे दोन लाख तेहेतीस हजार. मेहुण्याचे बत्तीस लाख खोटे ठरले तर देणे चौसष्ट लाखांवर येते आणि तेच गोदाम रुपयामागे पन्नास पैसे देते. बाईंचे साडेतीन लाख. खर्च आणि अग्रक्रमाची देणी यांतून वजा होतील, पण मुद्दा स्पष्ट होतो. बनावट धनको सरकारचे काही चोरत नाही. तो प्रत्येक खऱ्या धनकोच्या ताटातला घास उचलतो आणि वाटपात मिळालेली रक्कम मागच्या दाराने ऋणकोच्याच घरी जाते. मालमत्ता लपवणे लोकांना चटकन दिसते. बनावट देणे दाखवणे तितकेच जुने असून सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही.

आता या दोन्ही गोष्टी उघड कशा करायच्या? येथे बहुतेकांची एक चूक होते : ते थेट पोलीस ठाण्यात जातात. नादारी कायद्याची रीत निराळी आहे. हिशेबाच्या वह्या, मालमत्तेची आणि धनकोंची खरी यादी सादर करणे हे ऋणकोचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळले, खोट्या नोंदी केल्या, वाटपाची रक्कम कमी व्हावी म्हणून मालमत्ता लपवली वा परस्पर दूर केली, तर कलम ६९ नुसार एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. पण त्यासाठी प्राथमिक चौकशी नादारी न्यायालय स्वतः करते आणि खात्री पटल्यास कलम ७० नुसार दंडाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार तेच पाठवते. म्हणून माहिती पोहोचवायची ती न्यायालयाकडे आणि त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे.

वेळेचेही भान हवे. ऋणकोच्या अर्जाच्या पहिल्या सुनावणीत न्यायालय त्याच्या असमर्थतेचा प्रथमदर्शनी पुरावा तेवढा पाहते. “हा लबाड आहे, अर्जच फेटाळा” असा आग्रह त्या दिवशी सहसा टिकत नाही आणि धनको निराश होऊन घरी बसतात. वास्तविक खरे काम त्यानंतर सुरू होते. प्रथम आपले येणे शपथपत्राने सिद्ध करून धनकोंच्या अनुसूचीत नाव पक्के करावे लागते. ज्याने हे केले नाही त्याच्या बोलण्याला पुढे वजन राहत नाही. मग रिसीव्हरला लेखी विनंती. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेले हस्तांतर कलम ५३ नुसार रद्द होऊ शकते; मोबदला देऊन प्रामाणिकपणे खरेदी करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. हस्तांतर रद्द करण्याची मागणी रिसीव्हरने करायची असते. त्याने नकार दिला, तर येणे सिद्ध केलेला धनको न्यायालयाच्या परवानगीने स्वतः ती करू शकतो, पण त्याआधी रिसीव्हरला विनंती केली होती आणि त्याने ती नाकारली हे दाखवावे लागते. म्हणूनच त्या विनंतीच्या प्रतीवर पोच घेणे हे सगळ्या प्रकरणातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे काम आहे. अनुसूचीत अयोग्य रीतीने आलेले देणे वगळण्याचीही अशीच वाट आहे.

गोदामाचा पुरावा शोधण्यास गुप्तहेर लागला नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन मिळते. तीत सुनेच्या नावे झालेले बक्षीसपत्र सापडले. तारीख अर्जाच्या चौदा महिने आधीची. सातबाऱ्यावरचा फेरफार त्याला जुळला. बक्षीसपत्र म्हणजे मोबदला नाही हे दस्ताच्या नावातच आले. पुतण्याच्या दुकानाचा वस्तू व सेवा कर क्रमांक दर्शनी फलकावर लिहिलेला होता. तो त्या कराच्या संकेतस्थळावर टाकताच नोंदणीची तारीख आणि जागेचा पत्ता समोर आला. राहिली मेहुण्याची नोट. आयकर कायद्यानुसार वीस हजार वा त्याहून अधिक कर्ज रोखीने स्वीकारता येत नाही. बत्तीस लाख खरोखर आले असतील तर ते कोणत्या खात्यातून निघाले, पेढीच्या कोणत्या वहीत जमा झाले आणि मेहुण्याच्या विवरणपत्रात त्या वर्षी काय दाखवले होते, एवढे तीन प्रश्न रिसीव्हरने विचारले की पुरे. उत्तर न आल्याने नोट खोटी ठरतेच असे नाही; पण ती खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार मेहुण्याच्या खांद्यावर जातो.

अमेरिकेत मुलेबाळे असलेल्या वाचकांना तेथील व्यवस्था ठाऊक असेल. तेथे बहुतेक राज्यांत न्याय खात्याच्या अखत्यारीत ‘यूएस ट्रस्टी’ ही स्वतंत्र यंत्रणा आहे आणि दिवाळखोरीच्या अर्जात लबाडीचा संशय आल्यास कोणीही तिला कळवू शकतो. कळवणाऱ्याकडून अपेक्षा असते ती ऋणकोचे नाव, प्रकरणाचा क्रमांक, काय लपवले आहे, ते कळवणाऱ्याला कसे समजले आणि कागद कोठे मिळतील या तपशिलाची. मालमत्ता लपवणे वा खोटी शपथ घेणे यांस पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या जिल्हा न्यायालयात ऐकून घेण्यासाठी असा वेगळा अधिकारी बसलेला नाही. पण अपेक्षित तपशिलाची ती यादी येथेही जशीच्या तशी उपयोगी आहे.

ऋणको कंपनी असेल तर सारे दुसऱ्या दालनात जाते. तेथे २०१६ ची संहिता आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण. जाहीर सूचनेत ज्याचे नाव व पत्ता असतो त्या निराकरण व्यावसायिकाकडे दावा आणि माहिती दोन्ही द्यायची. त्याने ७५ दिवसांत संशयास्पद व्यवहारांविषयी आपले मत बनवायचे असते, त्यामुळे तीन महिन्यांनी जागे होणाऱ्याची माहिती उशिराची ठरते. झुकत्या मापाचे व्यवहार परक्यांशी झाले असतील तर मागील एक वर्षाचे आणि आप्तसंबंधितांशी असतील तर दोन वर्षांचे तपासले जातात. आधीच्या बारा महिन्यांत दहा हजार रुपयांहून अधिक मालमत्ता लपवली तरी अधिकाऱ्यावर तीन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. मात्र त्या विशेष न्यायालयात सामान्य धनकोला थेट फिर्याद नेता येत नाही. ती दिवाळखोरी मंडळाने वा केंद्र सरकारने करायची असते. जेपी इन्फ्राटेक प्रकरणात मूळ कंपनीच्या कर्जासाठी या उपकंपनीची ७५८ एकर जमीन गहाण टाकली गेली होती. निराकरण व्यावसायिकाने तो व्यवहार आव्हानित केला आणि २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो झुकत्या मापाचा ठरवला. एका भुसार पेढीचे गोदाम आणि ती ७५८ एकर जमीन यांत आकाराचा फरक आहे, प्रकृतीचा नाही.

या सगळ्यात प्रामाणिक नादाराचा विसर पडू नये. दुष्काळ, आग, मोठ्या गिऱ्हाइकाने बुडवणे, घरातील दीर्घ आजार यांनी कोलमडलेली माणसे प्रत्येक पेठेत आहेत आणि कायद्याने त्यांच्यासाठी दार ठेवले आहे. मालमत्ता देण्याच्या रुपयामागे पन्नास पैसेही भरत नसेल तर न्यायालय संपूर्ण मुक्ती नाकारते, पण ही स्थिती त्याच्या हाताबाहेरच्या कारणांनी आली असे दिसल्यास ती अट आड येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारच्या कायद्यात एवढी माणुसकी होती! अशा माणसावर “याने नक्की लपवले असेल” असा आरोप पुराव्यावाचून करणे हे अभ्याख्यान, अठरा पापस्थानांत पैशुन्याच्या लगत बसलेले. खोटा अर्ज करणारा खरे तर याच माणसाचा सर्वाधिक घात करतो. त्याच्यामुळे पुढच्या प्रत्येक नादाराकडे बाजार संशयाने पाहतो.

बाईंच्या वकिलांनी हा भेद पाळायला एक साधी युक्ती सांगितली. शपथपत्राआधी कागदाच्या मधोमध रेघ ओढायची. डावीकडे स्वतः पाहिलेले व कागदावर सापडलेले, उजवीकडे ऐकलेले. डावीकडे गोदामाची वास्तुपूजा, बक्षीसपत्र, फेरफार, दुकानाची नोंदणी आणि त्या संध्याकाळचे संभाषण तारखेसह आले. उजवीकडे सोने माहेरी गेल्याची गोष्ट आली. ती सांगणाऱ्या शेजारणीला बाईंनी विचारले तेव्हा तिनेही ती दुसऱ्या कोणाकडून ऐकली होती. बाईंनी सोन्याची ओळ खोडली. वकील म्हणाले, “संशय म्हणून लिहिता येईल, चौकशीची विनंती म्हणून.” बाईंनी मान हलवली. मेहुण्याच्या नोटेविषयी मात्र त्यांनी तेच केले. ‘खोटी’ हा शब्द कोठेही न वापरता तीन प्रश्न लिहिले आणि रिसीव्हरने ते विचारावेत अशी विनंती केली.

भाऊजींनी देऊ केलेल्या सात लाखांविषयीचा परिच्छेद लिहिताना हात अडला. तो लिहिला की परतीचा दोर कापला जाणार होता; गोदाम रद्द झाले नाही तर हाती काहीच येणार नव्हते. मुलाला पुन्हा फोन झाला. या वेळी तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “त्या हमालांपैकी एकाचा मुलगा तुझ्या वर्गात होता ना?” होता. परिच्छेद राहिला.

शपथपत्र दाखल झाल्याची बातमी दोन दिवसांत गावभर झाली. स्वाध्यायाच्या वर्गात दोघीतिघींनी जागा बदलली. तेलगिरणीवाल्यांचा निरोप आला की आम्हीही सही करू, पण आधी तुमचे काय होते ते पाहू. रिसीव्हरच्या कार्यालयाने विनंतीवर पोच दिली आणि पेढीच्या पाच वर्षांच्या वह्या हजर करण्याचे पत्र काढले.

भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी भाऊजी मंदिरात समोरासमोर आले. क्षणभर दोघेही थबकले. बाईंनी आधी हात जोडले आणि “उत्तम क्षमा” म्हटले. त्यांनीही हात जोडले. काय म्हणाले ते गर्दीत ऐकू आले नाही. वह्या सादर करण्याची तारीख पुढच्या सोमवारची होती.